खाशाबांचं कॉलेज

दहावीचा निकाल लागला, की खेळणाऱ्या मुलांच्या घरी एक वेगळीच चर्चा सुरू होते. क्रीडागुण किती मिळाले, खेळाडूंच्या राखीव जागेत नंबर लागेल का, मैदान कुठल्या कॉलेजचं मोठं आहे. या चौकशा कराव्यातच. पण अशा वेळी मला कराडजवळच्या गोळेश्वरचा एक मुलगा आठवतो. त्याच्या काळी यातलं काहीच नव्हतं आणि तरीही त्याला कॉलेज मात्र नेमकं मिळालं.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान, त्यामुळे लाल माती अंगाला लहानपणीच लागलेली. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. पुढं शिकायचं तर कुठं? साताऱ्याकडच्या कुस्तीगीर पोराला कोल्हापूरशिवाय दुसरं काय सुचणार! शाहू महाराजांनी त्या गावात तालमींना बळ दिलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. आणि त्याच राजानं खेड्यातल्या पोरांसाठी जातीजमातींची वसतिगृहं काढली. १९०१ साली मराठा बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग. तालीम आणि शिक्षण यांत भांडण आहे, असं त्या गावाला वाटतच नव्हतं. माझ्या मते खाशाबांच्या गोष्टीचं मूळ इथं आहे.

ते राजाराम कॉलेजात दाखल झाले. अंगानं लहान. सांगतात, की क्रीडाशिक्षकांनी त्यांची चण बघून वार्षिक स्पर्धेत नावच घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांकडं गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या मुलानं आपल्याहून धिप्पाड गड्यांना आस्मान दाखवलं. एक दार बंद झालं, तर दुसरं ठोठावता येतं, हे ज्या कॉलेजात घडतं ते कॉलेज चांगलं. माहितीपत्रकात मात्र हे छापलेलं नसतं!

१९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. पण तिथं मॅट होती. मातीत पाठ टेकवली की निकाल लागतो. मॅटवर गुण मोजतात, घड्याळ चालू असतं, नियमही निराळे. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परतल्यावर नेटानं तयारी केली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांचा प्रश्न होता. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गावोगाव वर्गणी झाली, कऱ्हाडकरांनी, कोल्हापूरकरांनी खिसे रिकामे केले, तरी भागेना. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! कॉलेज म्हणजे इमारत नव्हे, हे यापेक्षा स्वच्छ कसं सांगायचं?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत लांबली आणि हरली. त्यानंतर लगेच, पुरेशी विश्रांती न मिळता, सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवशी लढावं लागलं, असं सांगितलं जातं. तक्रार करायला आपल्याकडचा कोणी जाणकार जवळ नव्हता. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या स्वागताला आल्या. पुढं १९५५ साली ते पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले, अर्जुन पुरस्कार मरणानंतर मिळाला. आपल्या सरकारी वेळापत्रकाला साजेसंच!

पण पदक आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं? कुस्त्या लढवल्या, मैदानं भरवली, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.