ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधील सक्तीच्या मोटार विम्याच्या कायद्यातील बदल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मोटार अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीची नुकसानभरपाई वाहनचालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, या विचारातून सक्तीच्या मोटार विम्याची संकल्पना उदयास आली. मात्र ही सक्ती कोठपर्यंत लागू असावी, केवळ रस्त्यापुरती की वाहन जेथे जेथे वापरले जाते तेथे, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर ब्रिटनने २०२२ साली या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर दिले. प्रस्तुत लेखात त्या बदलाची पार्श्वभूमी व परिणाम यांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. विमा नसलेल्या वाहनांच्या अपघातग्रस्तांना भरपाई मिळावी म्हणून १९४६ साली विमा कंपन्यांनी 'मोटर इन्शुरर्स ब्युरो' ही संस्था स्थापन केली. पुढे १९८८ च्या कायद्यातही 'रस्त्यावरील वापर' हाच सक्तीचा आधार राहिला. १९९८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने वाहनतळ हा सामान्यतः रस्ता ठरत नाही, असा निर्णय दिला. परिणामी २००० साली नियमांत दुरुस्ती करून 'इतर सार्वजनिक ठिकाण' हे शब्द समाविष्ट करण्यात आले. खाजगी जमीन मात्र कक्षेबाहेरच राहिली.

युरोपीय निर्देशांचा प्रभाव :

ब्रिटनने १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला. त्यापूर्वीच, १९७२ साली, समुदायाचा पहिला मोटार विमा निर्देश निघाला होता. सदस्य राष्ट्रांच्या सीमेवर होणारी विम्याची तपासणी बंद करणे व अपघातग्रस्तांना संरक्षण देणे हा त्याचा हेतू होता. दुसऱ्या निर्देशामुळे ब्रिटनमध्ये १९८८ च्या अखेरीपासून मालमत्तेच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा झाला. २००९ साली सर्व निर्देशांचे एकत्रीकरण करण्यात आले.

खरा संघर्ष २०१४ च्या व्नुक निकालाने उद्भवला. २००७ साली स्लोव्हेनियातील एका शेतावर गवताचे गठ्ठे कोठारात साठविले जात असताना मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा शिडीला धक्का लागून एक कामगार खाली पडला. वाहनाच्या स्वाभाविक कार्याशी सुसंगत असा कोणताही वापर सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येतो, असे युरोपीय न्यायालयाने ठरविले. अर्थात, जागा खाजगी की सार्वजनिक हा निकष गौण ठरला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली व अपील न्यायालयाने २०१९ साली हे तत्त्व लागू करून, खाजगी शेतात वाहनाखाली जखमी झालेल्या व्यक्तीस भरपाई देण्याची जबाबदारी ब्युरोवर टाकली.

विभक्तीनंतरचे बदल :

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षाअखेर संपला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने व्नुक निकालाचा प्रभाव दूर करण्याचा मनोदय जाहीर केला. हा निकाल अमलात आणल्यास सुमारे २ अब्ज पौंडांचा भार पडेल व प्रत्येक वाहनधारकाचा हप्ता वर्षाला सुमारे ५० पौंडांनी वाढेल, असा सरकारी अंदाज होता. मोटार शर्यतींच्या व्यवसायावरील बोजाही पुढे करण्यात आला. पीटर बोन यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकाचे 'मोटार वाहने (सक्तीचा विमा) अधिनियम, २०२२' यात रूपांतर झाले. तो २८ जून २०२२ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये अमलात आला. त्यामुळे सक्ती पुन्हा रस्ता व सार्वजनिक ठिकाण यांपुरती मर्यादित झाली.

विशेष म्हणजे युरोपीय संघानेही २०२१ च्या निर्देशाने व्नुक तत्त्वाला मर्यादा घातली व बंदिस्त क्षेत्रातील शर्यती अटींसह वगळल्या. परंतु तेथे वाहतुकीचे साधन म्हणून झालेला वापर हाच निकष कायम राहिला. जमीन कोणत्या प्रकारची आहे, याला महत्त्व देण्यात आले नाही. म्हणजे शर्यतींविषयीचा आक्षेप निकष न बदलताही दूर करता येत होता.

निष्कर्ष :

एकाच आक्षेपाला दोन भिन्न उत्तरे मिळाली. युरोपने वापराची व्याख्या नेमकी केली, तर ब्रिटनने जागेचा जुना निकष पुनःस्थापित केला. हप्ते वाचले, परंतु खाजगी आवारात किंवा शेतात विमा नसलेल्या वाहनाने जखमी होणाऱ्या व्यक्तीचा आधार गेला. भरपाई पुन्हा चालकाच्या ऐपतीवर येऊन ठेपली. भारतीय अभ्यासकांनाही हा प्रश्न परका नाही. १९३९ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यातील विमाविषयक तरतुदी ब्रिटिश धर्तीवर रचल्या गेल्या, आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्येही 'सार्वजनिक ठिकाण' हाच निकष आहे. कोणाच्या जमिनीवर अपघात घडला यावर जखमी व्यक्तीचा हक्क ठरावा काय, हा प्रश्न त्यामुळे दोन्ही देशांत सारखाच विचारार्ह ठरतो.