गाडी ठेवू की काढू?

परवा न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. तिच्या २००८ सालच्या प्रियसची मोठी बॅटरी गेली. नवीन घालायला गॅरेजवाल्याने जवळजवळ तीन हजार डॉलर सांगितले; गाडी विकली तर तेवढेही येणार नाहीत. "बाबा, ठेवू की काढून टाकू?"

मला गाडीतलं काय कळतं! पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून आधी तिची वंशावळ शोधायला बसलो.

पेट्रोल आणि वीज ही जोडी काही आजची नाही. १९०० साली फर्डिनांड पोर्श या तरुणाने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी अशी गाडी बनवली. इंजिनाने वीज करायची, चाकांतल्या मोटारींनी गाडी पळवायची. नाव 'सेम्पर व्हायव्हस', म्हणजे लॅटिनमध्ये 'सदा जिवंत'. पण शिशाच्या बॅटरीचं ओझं फार. पुढे नुसत्या पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि ही जात मागे पडली. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानात प्रियस विकायला काढली. तिची बॅटरी किती टिकेल, हीच लोकांना धास्ती. लेकीची सतरा वर्षं टिकली!

त्या बॅटरीत २८ पेट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एक कमजोर झाली की सगळी साखळी लंगडते. तेवढीच बदलावी, तर बाकीच्याही तितक्याच म्हाताऱ्या. नुसत्या पेट्रोलवर चालवावी, तर इंजिन सुरू करायलाही हीच बॅटरी लागते.

मी म्हटलं, "खर्चाची तुलना या गाडीच्या किमतीशी करू नकोस. दुसरी घ्यायला किती लागतील आणि ही अजून किती वर्षं चालेल, ते बघ. आधी खालून तपासून घे." तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना!

ती गप्प झाली. याच गाडीतून तिने आईला नायगारा दाखवला होता. ही जाऊन आता सहा वर्षं झाली. "आईची आठवण म्हणून ठेवू नकोस," म्हणताना माझाच आवाज बसला.

काल पुन्हा फोन. गाडीचं बूड मिठाने खाल्लंय. बॅटरी नवी मिळाली असती, पण बूड कुठून आणणार? गाडी भंगारात दिली.

तेव्हा मंडळी, बॅटरीचा भाव विचारण्याआधी गाडी उचलून खालून बघा. मी मात्र नायगाऱ्याचे फोटो काढून बसलो आहे. एकात गाडी अर्धीच आली आहे.