बटणांची फळी

पनवेलास आमच्या धाकट्या भगिनीचें घर आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही तेथें चार दिवस राहावयास गेलों असतां एक चमत्कारिक वस्तु आमच्या दृष्टीस पडली. दीड हात लांब व वीतभर रुंद अशी प्लायवूडची पेटी. तिच्या माथ्यावर रंगीत बटणें. एका बाजूस गोल मुठीची लहानशी दांडी. आणि पेटी उलटी करून पाहतां आंत तारांचें जाळें. नाणें टाकून खेळावयाचीं जीं व्हिडिओ गेमचीं यंत्रें एके काळीं शहरोशहरीं दिसत, त्यांच्या पुढच्या अंगास खेळणाऱ्याच्या हातांसाठीं जी फळी असे, तशी ही घरीं केलेली फळी होय. करणारा आमचा भाचा. तो महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षास आहे.

"विकत मिळत असतां ही खटपट कशाला?" असें आम्हीं सहज विचारलें. त्यानें कांहीं न बोलतां आपला डावा हात पुढें केला. लहानपणच्या एका अपघातानें त्याच्या त्या हाताचीं बोटें पुरतीं वळत नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें. पण प्रश्न विचारतांना तें आमच्या ध्यानांत राहिलें नाहीं, याची आम्हांस लाज वाटली. बाजारांतील बहुतेक फळ्यांवर दांडी डावीकडे व बटणें उजवीकडे असतात. दांडी घट्ट धरून चहूंकडे फिरवावी लागते. बटण नुसतें दाबलें कीं पुरे. भाच्याच्या फळीवर दांडी उजवीकडे आहे, आणि डावीकडे एकमेकांपासून दूर दूर बसविलेलीं चारच बटणें आहेत.

दांडी डावीकडेच असावी, हा निर्बंध घातला कोणीं? ह्या प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं जी माहिती जमविली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

अशा फळीचा जन्म एखाद्या कारखान्यांत झाला असावा, असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति निराळी आहे. सन १९६२ त अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती ह्यांनीं पीडीपी-१ नांवाच्या गणकयंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. मध्यें एक तारा, दोन अंतराळयानें, आणि एकमेकांवर अस्त्रांचा मारा, असें त्याचें स्वरूप होतें. आरंभीं तो यंत्राच्या अंगावरील लहानशा खटक्यांवर खेळावा लागे. हे खटके पडद्याच्या एका बाजूस असल्यामुळें दोघां गड्यांस पडदा सारखा दिसत नसे. शिवाय टेबलावर टेंकून टेंकून कोपर दुखूं लागे. तेव्हां ॲलन कोटॉक व बॉब सॉन्डर्स ह्या दोघांनीं, आगगाडीच्या प्रतिकृति करणाऱ्या विद्यार्थिमंडळाच्या खोलींतून लांकूड, बेकलाइट, तारा आणि जुने खटके गोळा करून हातांत घेतां येतील अशा पेट्या बनविल्या. अस्त्र सोडण्याचें बटण त्यांनीं मुद्दाम आवाज न करणारें बसविलें. नाहीं तर प्रतिपक्षास सुगावा लागावयाचा. मराठींत 'कळ' म्हणजे वेदनाही आणि यंत्राची किल्लीही. येथें कोपरांतल्या कळेपासून हातांतली कळ निघाली. पहिली फळी घरगुतीच होती, आणि ती दुखणाऱ्या हाताच्या सोयीसाठीं झाली, एवढें ध्यानांत ठेवावें.

आपलें यंत्र आपणच रचावें, ही वृत्ति आपल्या इकडेही नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'टिफ्रॅक' हें गणकयंत्र संस्थेंतल्याच मंडळींनीं उभें केलें आणि सन १९६० त तें कामास लागलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. आकृति दाखविणारा पडदाही त्यास जोडलेला होता.

पुढें खेळ बाजारांत आला. नोलन बुशनेल व टेड डॅब्नी ह्यांनीं रचलेलें 'कॉम्प्युटर स्पेस' हें नाण्यावर चालणारें यंत्र सन १९७१ त निघालें. पण त्याचीं बटणें सामान्य गिऱ्हाइकास उमगत ना. दुसऱ्याच वर्षीं अटारी कंपनीसाठीं ॲलन अल्कॉर्न ह्यानें 'पाँग' हा खेळ केला. त्यांत प्रत्येक गड्यास फिरविण्याची एकच गोल मूठ होती. कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत तें यंत्र मांडलें असतां थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली; उघडून पाहतां नाण्यांची पेटी कांठोकांठ भरल्यामुळें तें अडलें होतें. हातास जें सहज कळतें तें चालतें, हा धडा व्यापाऱ्यांनीं तेव्हांच घेतला.

तथापि डाव्या-उजव्याचा नियम अद्याप ठरला नव्हता. सन १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स' ह्या खेळांत दांडीच नव्हती, पांच बटणें होतीं. सन १९८० च्या 'पॅक-मॅन' मध्यें उलट दांडी तेवढी होती, मारा करण्याचें बटण नव्हतें. त्याच वर्षींच्या 'मिसाइल कमांड' मध्यें दिशा दाखविणारा चेंडू उजव्या हातीं आणि मारा करण्याचीं तीन बटणें डाव्या हातीं होतीं. म्हणजे आमच्या भाच्यानें केली तशीच ती रचना! सन १९८१ च्या 'डाँकी काँग' मध्यें मात्र दांडी डावीकडे आहे, आणि तीच चाल पुढें रुजली. सन १९८५ त जपानी यंत्रोत्पादकांच्या संघानें तारांच्या जोडणीचें एक मान ठरवून ५६ टोंकांचा जोड रूढ केला. संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या मानास 'जामा' म्हणतात. नांव योगायोगानें चपखल पडलें आहे, कारण तयार शिवलेल्या जाम्याप्रमाणें तो सर्वांस एकाच मापाचा होता: प्रत्येक गड्यास एक दांडी आणि तीन बटणें. त्या मानानें डावें-उजवें ठरविलें नव्हतें. तें नुसत्या वहिवाटीनें ठरलें. सन १९९१ त 'स्ट्रीट फायटर टू' आला. त्यास तीन ठोशांचीं व तीन लाथांचीं मिळून सहा बटणें लागत. तो जगभर पसरल्यावर ती वहिवाट नियमासारखी झाली.

आपल्या शहरांतील ह्या खेळांचीं दुकानें आम्हीं पाहिलीं आहेत. सन १९९३ त निघालेल्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' ह्या खेळास आपल्याकडील मुलें त्यांतील एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणत. अंधारी खोली, घामाचा वास, आणि एकेका यंत्राभोंवतीं आठ-दहा डोकीं! त्या गर्दींत हात अधू असलेला मुलगा आम्हांस कधीं दिसल्याचें स्मरत नाहीं. असे मुलगे गांवांत नव्हते असें नव्हे. ते दाराशीं क्षणभर थांबून परत जात असतील. त्या वेळीं हा विचार आमच्या मनास शिवला नाहीं.

तीं दुकानें आतां बहुतेक गेलीं. खेळ मात्र राहिले. सन १९९७ त निकोला साल्मोरिया ह्या इटालियन गृहस्थानें 'मेम' नांवाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांची अंतर्रचना नष्ट होऊं नये म्हणून तिची हुबेहूब नक्कल संगणकावर उतरविणें, हा तिचा हेतु. सन २०१२ त 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा स्वस्त संगणक निघाला. यंत्राचें पोट असें घरांत मावूं लागलें. उरली ती हातांची फळी. ती ज्यानें त्यानें करावयाची.

भाच्यानें ती कशी केली, तें सांगण्याजोगें आहे. प्रथम त्यानें पुठ्ठ्यावर दोन्ही पंजांच्या आकृति काढल्या. बटणांच्या जागीं बाटल्यांचीं झांकणें चिकटवून आठ दिवस नुसतीं बोटें ठेवून पाहिलीं. पहिल्या आंखणींत झांकणें जवळ जवळ पडल्यामुळें मनगट दुखलें. ती टाकून त्यानें दुसरी केली. मग गल्लींतल्या एका वृद्ध सुतारांनीं बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडला तीस मिलिमीटरचीं भोंकें पाडून दिलीं. ढलपी निघूं नये म्हणून अर्धें भोंक वरून व अर्धें खालून पाडलें. नुसत्या खिट्यांनीं अडकणारीं बटणें पातळ पत्र्यासाठीं असतात, तीं जाड लांकडांत धरत नाहींत. म्हणून खालून चाकीनें आंवळावयाचीं बटणें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलीं. जाड फळींतून दांडी पुरेशी वर येईना, तेव्हां खालच्या अंगानें पटाशीनें खांच घेतली. प्रत्येक बटणाखालीं मायक्रोस्विच असतो. ही युक्ति पीटर मॅकगॉल ह्या अमेरिकनानें सन १९३२ त काढली: आंतली लवचीक पट्टी ठराविक दाबास पोहोंचतांच झटकन् उलटते, म्हणून हलक्या बोटासही ती पुरते. प्रत्येक स्विचाची एक तार सर्वांस सामाईक, दुसरी स्वतंत्र. स्वतंत्र तार मंडलाच्या कोणत्याही टोंकास जोडतां येते. डाव्याचें उजवें करण्यास एवढेंच लागतें.

ते सुतार ज्या घराण्यांतले, त्यांत पूर्वीं गाडीचीं चाकें होत. पनवेल चाकांविषयीं प्रसिद्ध होतें. मुंबईहून पडावानें पनवेलास उतरून पुण्याकडे जाणारा मार्ग हा मोठ्या वर्दळीचा. सन १८३० त बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि चाकांस गिऱ्हाईक वाढलें. सन १८६३ त आगगाडी कर्जतेवरून घाट चढूं लागली. पुढें मोटारी आल्या. त्या सुतारांनीं आम्हांस सांगितलें, "गाडी घाटानें जाणार कीं सपाटीनें, हें विचारल्याशिवाय आमचा आजा तुंब्यास आरा लावीत नसे." भाच्याच्या हाताकडे पाहूनच त्यांनीं भोंकांचीं अंतरें पुन्हा एकदां मोजून घेतलीं होतीं.

ह्या वयाच्या मुलानें असल्या खेळांत वेळ दवडावा काय, असें कांहीं वाचक म्हणतील. आम्हीही विद्यार्थ्यांस तसें म्हणत आलों आहों. परंतु सर्वांस चालणारें माप कोणास तरी वगळूनच ठरतें. आणि वगळलेल्यानें हातांत करवत घेऊन आपलें माप आपण आंखणें, हें शिक्षणच होय. आमच्या वर्गांतील बांकें, जिने आणि परीक्षेचे तीन तास हेही कोणा एकाच मापाचे आहेत, हें तीस वर्षें शिकवूनही आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं भाच्यानें आम्हांस त्या फळीवर 'मुस्तफा' खेळावयास बसविलें. दांडी उजव्या हातीं घेऊन चालविणें आम्हांस कांहीं केल्या जमेना. हात सारखा चुके, आणि दोन मिनिटांत आमचा डाव आटोपला. भाचा हंसला नाहीं. तो म्हणाला, "मामा, तुमची चूक नाहीं. पुढच्या सुटींत या. तुमच्या हाताची एक करून ठेवतों."