छंदातून घडलेली रायफल

शस्त्रांच्या इतिहासात राजांची, सेनापतींची आणि लढायांची नावे ठळकपणे नोंदलेली असतात. ज्या कारागिराने ते शस्त्र घडविले त्याची आठवण मात्र क्वचितच उरते. तोफा ओतणारे, तलवारींना पाणी देणारे, बंदुकीच्या नळ्या तयार करणारे हजारो हात इतिहासाच्या तळटिपांतही आढळत नाहीत. विसाव्या शतकात अमेरिकेत या नियमाला एक अपवाद घडला. अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री ‘एम-१’ या रुक्ष नावाने नोंदलेल्या रायफलीला जगाने तिच्या कारागिराच्या नावाने ओळखले. हा कारागीर म्हणजे जॉन गॅरंड. तो सैनिक नव्हता, विद्यापीठाचा पदवीधर नव्हता आणि शस्त्रांच्या व्यापाऱ्यांच्या कुळात जन्मलेलाही नव्हता. नेमबाजी आणि यंत्रे हे त्याचे छंद होते. त्या छंदापासून सुरू झालेली वाट सरकारी शस्त्रागारातून जगाच्या रणांगणापर्यंत कशी गेली, ही कथा जितकी यंत्राची आहे तितकीच ती माणसाची आणि शासनाचीही आहे.

प्रथम यंत्राचा प्रश्न समजून घेतला पाहिजे. पहिल्या महायुद्धातील पायदळाच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर सैनिकाला हाताने बोल्ट मागेपुढे सरकवावा लागे. बोल्ट मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडे, पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाई. यात वेळ तर जाईच, पण त्याहून वाईट म्हणजे नेम धरलेली नजर दर वेळी ढळे. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकण्याचे आणि नवे काडतूस भरण्याचे काम रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी शक्ती ती स्फोटातूनच घेते.

ही शक्ती फुकट वाया जात आहे हे ज्यांच्या ध्यानी आले, त्यांत अमेरिकेच्या यूटा प्रांतातील ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग हा एक होता. त्याचे वडील बंदुका बनविणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. त्यांच्याच दुकानात तो वाढला. १८८९ साली नेमबाजी चालू असता त्याला दिसले की, गोळी सुटताच नळीच्या तोंडापुढचे गवत जोराने हलते. गोळीच्या मागून येणारा तप्त वायू इतका जोरदार असेल, तर त्याच्याकडून काम का करून घेऊ नये, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने एका जुन्या रायफलीच्या तोंडाशी लोखंडी झडप बसविली, ती एका दांडीने रायफलीच्या यंत्रणेला जोडली आणि वायूच्या धक्क्याने काडतूस आपोआप बदलून दाखविले. अत्यंत ओबडधोबड असा तो प्रयोग होता. परंतु पुढील अनेक शस्त्रांचे बीज त्यात होते.

जॉन गॅरंडचा जन्म १८८८ साली कॅनडातील क्विबेक प्रांतात, एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबात झाला. आई वारल्यानंतर कुटुंब अमेरिकेतील कनेक्टिकट येथे येऊन राहिले. लहान वयातच जॉन कापडाच्या गिरणीत कामाला लागला. झाडलोट करता करता त्याने इंग्रजी आत्मसात केले आणि गिरणीतील यंत्रांशी त्याची गट्टी जमली. पुढे तो कुशल यंत्र-कारागीर झाला आणि ऱ्होड आयलंडमधील ‘ब्राउन अँड शार्प’ या सूक्ष्ममापन उपकरणांच्या प्रसिद्ध कारखान्यात त्याने नोकरी केली. इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवण्याची सवय त्याला याच काळात लागली असावी. काम संपले की तो नेमबाजीच्या मैदानावर जाई. एकीकडे यंत्राचे ज्ञान आणि दुसरीकडे बंदुकीची आवड, असा हा संगम होता.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्याला हलकी मशीनगन हवी आहे असे कळताच गॅरंडने नोकरीबाहेरच्या वेळात तिचा आराखडा तयार केला आणि सरकारकडे पाठविला. असे आराखडे युद्धकाळात सरकारी कचेऱ्यांत ढिगांनी येतात आणि त्यांतील बहुतेकांच्या नशिबी फडताळातील धूळच असते. गॅरंडचा आराखडा मात्र कोणा जाणत्याच्या हाती पडला. १९१८ साली त्याला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत नेमण्यात आले. त्याची मशीनगन प्रत्यक्षात तयार होईपर्यंत युद्ध संपले होते; तथापि माणूस कामाचा आहे हे सरकारने ओळखले होते. १९१९ च्या अखेरीस त्याची नेमणूक मॅसॅच्युसेट्स येथील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात झाली आणि अर्धस्वयंचलित रायफल तयार करण्याची कामगिरी त्याच्याकडे सोपविण्यात आली.

या कामगिरीला सतरा वर्षे लागली. गॅरंडच्या पहिल्या रायफली एका निराळ्या तत्त्वावर चालत. काडतुसाच्या बुडाशी असलेली छोटी स्फोटक टोपी स्फोटाच्या वेळी किंचित मागे सरकते. त्या सूक्ष्म हालचालीने यंत्रणेचे कुलूप उघडावे, अशी ती युक्ती होती. परंतु पुढे सैन्याने काडतुसांची रचनाच बदलली, दारू बदलली, आणि कित्येक वर्षांचे काम एका निर्णयाने निरुपयोगी ठरले. गॅरंडने ती वाट सोडली आणि नळीतील वायूच्या दाबावर चालणारी नवी यंत्रणा रचावयास घेतली.

त्याला प्रतिस्पर्धीही सामान्य नव्हता. जॉन पेडरसन हा त्या काळचा नामवंत शस्त्ररचनाकार. सैन्याने त्याच्याशी रीतसर करार केला होता. त्यात वार्षिक मानधन होते आणि रायफल स्वीकारली गेल्यास स्वामित्वधनाचीही तरतूद होती. एकाच शस्त्रागारात एकीकडे करारावर आलेला प्रसिद्ध तज्ज्ञ आणि दुसरीकडे पगारी नोकर, अशी ही स्पर्धा होती. पेडरसनने त्यासाठी ०.२७६ इंच व्यासाचे नवे, लहान काडतूसही तयार केले. त्याची रायफल सफाईदार होती. परंतु तिची काडतुसे सुरळीत बाहेर पडावीत म्हणून त्यांवर मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. चाचण्यांवर चाचण्या झाल्या, समित्यांवर समित्या बसल्या. लहान काडतुसाच्या बाजूने मत झुकत असतानाच, १९३२ साली सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी निर्णय दिला की, सैन्याचे जुने ०.३० इंचाचे काडतूस बदलावयाचे नाही. त्या काडतुसांचे प्रचंड साठे गोदामांत पडून होते आणि जागतिक मंदीचे ते दिवस होते. पेडरसनची रायफल तिच्या काडतुसावाचून पांगळी झाली. गॅरंडपाशी मात्र जुन्या काडतुसावर चालणारी आवृत्ती तयार होती.

९ जानेवारी १९३६ रोजी गॅरंडची रायफल अमेरिकन सैन्याने अधिकृतपणे स्वीकारली. सुमारे साडेनऊ पौंड वजन आणि एका वेळी आठ काडतुसे, असे तिचे स्वरूप होते. आठवी गोळी झाडल्यावर काडतुसांची रिकामी पत्र्याची पकड आपोआप बाहेर उडे आणि तिचा विशिष्ट खणखणाट होई. एक नमुना घडविणे आणि लाखो नग घडविणे यांत मोठे अंतर असते. गॅरंडची थोरवी अशी की, रायफल घडविणाऱ्या यंत्रांची आणि हत्यारांची रचनाही बरीचशी त्यानेच केली. गिरणीत आणि कारखान्यात घालविलेली वर्षे येथे फळाला आली.

रायफलीत दोष नव्हते असे नाही. आरंभीच्या रचनेत वायू नळीच्या तोंडाशी अडवून घेतला जाई. तेथे काजळी साचे आणि यंत्रणा अडखळे. १९३९-४० च्या सुमारास ही रचना बदलून नळीलाच बारीक छिद्र पाडण्यात आले. याच काळात मेल्व्हिन जॉन्सन नावाचा एक वकील, जो मरीन दलाचा राखीव अधिकारीही होता, स्वतः रचलेली दुसरी अर्धस्वयंचलित रायफल घेऊन पुढे आला. वृत्तपत्रांत वाद झडले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. १९४० च्या अखेरीस मरीन दलाने घेतलेल्या कठोर चाचण्यांनंतर गॅरंडचीच निवड कायम झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सुमारे चाळीस लाख रायफली तयार झाल्या. रशिया आणि जर्मनी यांनीही अर्धस्वयंचलित रायफली वापरल्या. परंतु आपल्या पायदळाचे मुख्य शस्त्र म्हणून ती सर्वत्र देणारे प्रमुख राष्ट्र अमेरिका हेच होते. जनरल पॅटन यांनी १९४५ साली या रायफलीचा गौरव युद्धासाठी आजवर निर्माण झालेले सर्वश्रेष्ठ साधन म्हणून केला.

आणि तिच्या निर्मात्याला काय मिळाले? १९३६ साली गॅरंडने आपले सर्व हक्क सरकारच्या स्वाधीन केले. स्वामित्वधनाचा एक डॉलरही त्याने घेतला नाही. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक अमेरिकन संसदेत मांडले गेले. ते संमत झाले नाही. त्याला पदके मिळाली, मानपत्रे मिळाली, आणि १९५३ साली तो निवृत्त झाला. १९७४ साली स्प्रिंगफील्ड येथेच त्याचे निधन झाले. सरकारची बाजूही येथे लक्षात घेतली पाहिजे. सतरा वर्षे प्रयोगशाळा, यंत्रे, दारूगोळा आणि चाचण्यांचा खर्च शासनाने सोसला. कोणाही एकट्या छंदिष्टाला तो सोसवला नसता. जे काम करण्यासाठी पगार दिला, त्या कामाचे फळ शासनाचे, हा न्याय कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. परंतु त्याच शासनाने त्याच कामासाठी पेडरसनला स्वामित्वधन देऊ केले होते, हेही विसरता येत नाही. जो बाहेरून येऊन अटी घालतो त्याचे मोल शासनाला कळते आणि जो आत राहून निमूटपणे काम करतो त्याची बोळवण पदकावर होते, हा अनुभव केवळ अमेरिकेपुरता नाही.

छंदातून शस्त्र घडविणाऱ्यांची आणखी एक कथा याहून विलक्षण आहे. उत्तर कॅरोलायना प्रांतातील डेव्हिड मार्शल विल्यम्स हा बेकायदा दारूची भट्टी चालवीत असता १९२१ साली पोलिसांची धाड पडली आणि त्यात एक अधिकारी मारला गेला. विल्यम्सला वीस ते तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या अधीक्षकाने त्याचे यंत्रकौशल्य ओळखून त्याला तेथील कर्मशाळेत काम करू दिले, आणि फावल्या वेळात मोडक्या लोखंडातून या कैद्याने चक्क अर्धस्वयंचलित रायफली घडविल्या. १९२९ साली त्याची मुक्तता झाली. त्याने शोधलेले आखूड दट्ट्याचे तत्त्व पुढे १९४१ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या हलक्या कार्बाइनमध्ये वापरले गेले. अशा साठ लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. १९५२ साली त्याच्या जीवनावर चित्रपटही निघाला. एका अधीक्षकाच्या विश्वासाचे हे फळ होते; पण ज्या अधिकाऱ्याचा जीव गेला त्याचे घर त्या चित्रपटाने पुन्हा उभे राहिले नाही, ही या कथेची दुसरी बाजू होय.

आपल्या देशात असा छंद कधी रुजला नाही आणि त्याचे कारण कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी जनतेच्या हातातील शस्त्रे काढून घेतली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्यावाचून शस्त्र बनविण्यास मनाई केली. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आपल्या बहुतेक जवानांच्या हाती हाताने बोल्ट ओढावयाची ०.३०३ रायफलच होती. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली अर्धस्वयंचलित रायफल त्यांच्या हाती आली. अमेरिकेत मात्र स्वतःपुरती रायफल घरी जुळविणारे छंदिष्ट आजही आहेत. तेथेही आता प्रश्न उभा राहिला आहे. सुट्या भागांच्या संचातून जुळविलेल्या, क्रमांक नसलेल्या शस्त्रांचा गुन्ह्यांच्या तपासात माग लागत नाही. म्हणून अशा संचांनाही क्रमांक असावा आणि विक्रीपूर्वी ग्राहकाची चौकशी व्हावी, असा नियम तेथील शासनाने २०२२ साली केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तो उचलून धरला.

स्प्रिंगफील्डचे शस्त्रागार १९६८ साली बंद झाले. आज तेथे संग्रहालय आहे. १८४३ साली कवी लाँगफेलो विवाहानंतरच्या प्रवासात पत्नीसह हे शस्त्रागार पाहावयास गेला होता. मांडणीवर ओळीने उभ्या ठेवलेल्या बंदुका पाहून त्यांना चर्चमधील ऑर्गनच्या नळ्यांची आठवण झाली, आणि त्यातून युद्धाचा धिक्कार करणारी त्याची प्रसिद्ध कविता जन्मली. पुढे त्याच वास्तूत गॅरंडने आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे वेचली. कवीने तेथे बंदुकांमुळे होणारा विलाप ऐकला. कारागिराने एक कठीण कोडे सोडविले आणि हुकूमशाहीशी लढणाऱ्या सैनिकांच्या हाती एक भरवशाचे साधन दिले. त्या वास्तूला भेट देणाऱ्याने या दोघांचेही स्मरण करावे, हेच उचित होय.