टेक्स्ट एडिटरमधील विंडो-मांडणीचे जतन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकावर लेखन करणारा अभ्यासक एका विंडोत मूळ साधन, शेजारी टिपणे व खाली स्वतःचा मसुदा ठेवतो. वीज अचानक गेल्यास मसुदा बहुधा वाचतो. ही मांडणी मात्र विस्कटते. २००० नंतरच्या दशकात भारनियमन सोसलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात, गणेशपुरीसारख्या गावांत, संगणक वापरणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही. मजकुराचे रक्षण आधी आणि मांडणीचे रक्षण इतक्या उशिरा का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले येथे लिहिलेल्या 'व्ही-आय' या एडिटरमध्ये खंडित कामातील मजकूर परत मिळविण्याची सोय झाली. ग्नू ईमॅक्सही मजकुराची प्रत आपोआप ठेवत असे. मजकूर म्हणजेच काम, ही धारणा दोहोंमागे दिसते.

१९९३ मध्ये मॉर्टन वेलिंडर यांनी ईमॅक्ससाठी 'डेस्कटॉप' ही सुविधा लिहिली. तीत उघड्या फाइलींची यादी व कर्सरची जागा नोंदली जाई. विंडोंची विभागणी नव्हे. ईमॅक्समधील विंडो-रचना संगणकाच्या स्मृतीतच राही. ती फाइलीत उतरविता येत नसे.

ब्राम मोलेनार यांच्या व्हिमने १९९८ मध्ये, ५.२ या आवृत्तीत, निराळा मार्ग स्वीकारला. रचना साठविण्याऐवजी ती पुन्हा उभारण्याच्या आज्ञाच फाइलीत लिहिल्या जाऊ लागल्या : अमुक फाइल उघडावी, पडदा दुभागावा, विंडोची उंची पडद्याच्या अमुक प्रमाणात ठेवावी. तथापि ही फाइल वापरणाऱ्याने स्वतः आज्ञा देऊन करावी लागते.

ईमॅक्सच्या २४.१ या आवृत्तीत (२०१२) विंडो-रचनेला फाइलीत लिहिण्याजोगे रूप मिळाले. २४.४ या आवृत्तीत (२०१४) 'डेस्कटॉप' विंडोंची मांडणीही परत आणू लागला. काम क्षणभर थांबताच नोंद आपोआप करण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली. अचानक वीज जाण्यावरचा खरा उपाय हाच होय.

समारोप :
१९९३ ते २०१४ हा २१ वर्षांचा विलंब केवळ तांत्रिक म्हणता येत नाही. व्हिमने १९९८ मध्येच वाट दाखविली होती. मांडणी ही दुय्यम सोय मानली गेली, असे अनुमान निघते. पोथीतील खूण वाचन कोठे थांबले ते सांगते. विंडोंची मांडणी कोणता मजकूर कशाशी ताडून पाहिला जात होता तेही सांगते. म्हणून अध्यापकांच्या संगणक-प्रशिक्षणात फाइल जतन करण्याबरोबर मांडणी जतन करण्याचाही समावेश व्हावा.