गाठ काढली, मग शेक कशाला? एका प्रश्नाचा इतिहास

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होतं, टाके निघतात आणि घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "गाठ पूर्ण निघाली म्हणताय ना, मग आता शेक कशाला?" शेक म्हणजे रेडिएशन, किरणोपचार. प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्रालाही बरीच दशकं लागली. आज आपण तोच प्रवास पाहू या.

सुरुवात करू १९०६ पासून. अमेरिकेत क्लीव्हलंडला जॉर्ज क्राइल नावाचे सर्जन होते. त्यांनी १३२ ऑपरेशनांच्या आधारे एक लेख लिहिला. हा कर्करोग पसरताना आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरतो. तेव्हा नुसती गाठ काढून भागत नाही, त्या ग्रंथीही सलग काढायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. पुढे न्यूयॉर्कच्या हेस मार्टिन यांनी हे ऑपरेशन रूढ केलं. तरीही कित्येकांत रोग त्याच जागी परत यायचा. ऑपरेशन उत्तम होऊनसुद्धा!

दुसरी वाट किरणांची. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. एकदम मोठी मात्रा दिली की निरोगी भागही भाजून निघायचा. पॅरिसच्या आंरी कुतार यांनी १९२०च्या दशकात दाखवलं, की तीच मात्रा रोज थोडी थोडी, कित्येक आठवडे दिली तर निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. आज पेशंटला आठवड्यातून पाच दिवस जावं लागतं, त्याचं मूळ इथे आहे.

या दोन वाटा जोडणारा विचार पक्का केला ह्यूस्टनच्या गिल्बर्ट फ्लेचर यांनी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही असा रोग मागे उरतो, हे त्यांनी गृहीत धरलं. मोठ्या गाठीला किरणांची मात्रा फार लागते; या विखुरलेल्या पेशींना साधारण ५० ग्रे बहुतेक वेळा पुरते. ग्रे म्हणजे किरणमात्रेचं माप. म्हणजे दिसतं ते सर्जननं काढायचं, न दिसणारं किरणांनी मारायचं.

पण शेक ऑपरेशनच्या आधी द्यायचा की नंतर? १९७३ मध्ये अमेरिकेत याची मोठी चाचणी सुरू झाली. आधी ५० ग्रे किंवा नंतर ६० ग्रे, असे दोन गट. आयुर्मानात ठळक फरक पडला नाही; पण तोंड-मानेतला रोग नंतरच्या शेकानं जास्त आटोक्यात राहिला.

२००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्या एकाच अंकात छापून आल्या. शेकासोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिलं तर? दोन्ही चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या रोग्यांना होतो: काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोग पोचलेला असेल तर, किंवा ग्रंथीचं कवच फोडून तो बाहेर आला असेल तर. त्रासही वाढतो, म्हणून सरसकट सगळ्यांना ते देत नाहीत.

यात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३०० रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं होतं. सिस्प्लॅटिनचा छोटा डोस दर आठवड्याला, की मोठा डोस दर तीन आठवड्यांनी? मोठ्या डोसानं रोग जास्त आटोक्यात राहिला, पण कानांना आणि रक्ताला त्रासही जास्त झाला.

आता त्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. मागे उरलेल्या पेशी थांबून राहत नाहीत, वाढत असतात. म्हणून शेक ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, असं मानतात. जखम भरली, बरं वाटतंय, लग्नकार्य उरकून मग बघू, असं म्हणण्यात हेच आठवडे निघून जातात. तेव्हा काढलेल्या भागाचा रिपोर्ट हातात आला की लगेच रेडिएशनच्या डॉक्टरांची तारीख घ्यायची, आणि शेकाआधी दातही तपासून घ्यायचे. किडलेला दात नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं.