पाच ओळींची यादी

हात धुवा. रोग्याची कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसून घ्या. स्वतः टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि रोग्याला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाका. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. गरज संपली की नळी काढून टाका.

झाली यादी! आयसीयूमधल्या रोग्याच्या मोठ्या शिरेत जी नळी (सेंट्रल लाइन) घालतात, तिच्यातून रक्तात जंतू जाऊ नयेत म्हणून एवढं करायचं. यात नवीन काय, असं कुणीही म्हणेल. डॉक्टरांना हे सगळं आधीपासून माहीत होतंच की!

२००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी नर्सेसना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा. दिसलं असं, की तिनातल्या एकाहून जास्त रोग्यांच्या बाबतीत डॉक्टरांकडून एखादी तरी पायरी गाळली जात होती. मग व्यवस्थापनाने नर्सेसना अधिकार दिला : पायरी गाळली की डॉक्टरला थांबवा. खरी नवी गोष्ट ही, यादी नव्हे. आपल्याकडे मोठे डॉक्टर राउंडला आले की वॉर्ड कसा चिडीचूप होतो ते आठवा, म्हणजे हे किती अवघड असेल ते कळेल.

पण एका रुग्णालयात जमलं म्हणजे सगळीकडे जमेल असं थोडंच आहे? याचं उत्तर मिशिगन राज्याने दिलं. २००३ मध्ये तिथल्या रुग्णालयांच्या संघटनेने 'कीस्टोन' नावाचा उपक्रम सुरू केला. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी रुग्णालयं एकच गोष्ट एकाच पद्धतीने मोजू लागली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना आयसीयूत जाऊन अडचणी ऐकायला लावलं. तेव्हा कळलं, की क्लोरहेक्सिडीन तिसरा हिस्सा आयसीयूंमध्येसुद्धा नव्हतं. वस्तूच नाही तर यादी काय करणार? अधिकाऱ्यांनी ती आणून दिली.

निकाल डिसेंबर २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. १०३ आयसीयू. नळीच्या दर १००० दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. पुढे डॉ. अतुल गावंडे यांनी (त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे) यावर लेख आणि २००९ मध्ये 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हे पुस्तक लिहिलं, आणि यादी जगभर पोचली.

हे वाचताना मला सेमेलवाइस आठवतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. आकडे त्याच्याकडेही होतेच. पण आपल्याच हातांनी बायका मरतात हे वरिष्ठांना पचेना, आणि शेजारच्या शहरांमध्ये तसंच मोजून बघणारी रुग्णालयं त्याच्या पाठीशी नव्हती. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला, वय ४७.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. २००९ ते २०११ मध्ये इंग्लंडने 'मॅचिंग मिशिगन' नावाने हेच करून पाहिलं. संसर्ग कमी झाले, पण जे आयसीयू अजून उपक्रमात आलेच नव्हते तिथेही ते कमी होतच होते! त्यामुळे श्रेय नक्की कुणाला द्यायचं ते ठरवता येईना.

म्हणजे यादी छापून भिंतीवर लावली की काम झालं, असं नाही. आपल्याकडे सूचनांच्या पाट्यांना काही तोटा नाही. प्रश्न इतकाच, की पाटीकडे बोट दाखवून एखादी सिस्टर मोठ्या डॉक्टरांना "सर, थांबा" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूने कोण उभं राहणार?